अक्काची विमानातली सावड

दीपकचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या चेअरमनशी पाण्याच्या टाकीवरून भांडत होतो. दीपक माझा भाचा, डिंगोऱ्याला शेती करतो. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसलो, "काय वाट्टेल ते बोलू नकोस, परवाच बोललोय मी तिच्याशी!" तो बिचारा गप्प राहिला... आणि त्या गप्प राहण्यातूनच मला काय ते कळलं. नव्या लावलेल्या कांद्याला सकाळी पाणी देऊन अक्का घरी आली, भिंतीला टेकून बसली आणि बसल्या बसल्या गेली. कुणाला धावपळसुद्धा करू दिली नाही. आता दीड महिना होत आला. लोक भेटायला येतात, हळहळतात, आणि मला राहून राहून तिचा अभिमानच वाटतो. रडू येत नाही असं नाही, पण अभिमान आधी येतो.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आमचं मूळ गाव पेठ. आई लवकर गेलेली, वडील थकलेले. नव्वदच्या सुमारास माझी दहावी झाली आणि अक्कानं मला डिंगोऱ्याला नेलं, कारण ओतूरचं कॉलेज तिथून जवळ. तेव्हा दाजींना जाऊन दोन वर्षं झाली होती, दीपक अजून शाळेतही जात नव्हता, आणि त्यात हा मी, भाकरीवर भाकरी रिचवणारा सोळा वर्षांचा घोडा. एकदा जेवायच्या वेळी तिचे चुलत सासरे आले. माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, "भावाला फुकट पोसायला लई व्हतंय व्हय गं घरात?" माझा घास तोंडातच राहिला. म्हातारा गेल्यावर अक्कानं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेव. रविवारपासनं माझ्यासंगं सावडीला यायचं. तुला कुणी फुकट म्हणायचं न्हाई." 'फुकट' हा शब्द त्या दिवशी तिच्या काळजात जो रुतला तो कायमचा.

सावड म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आज आम्ही तुमच्या वावरात राबायचं, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. चहा वावराच्या मालकाचा, पण भाकरी ज्यानं त्यानं आपली आपली न्यायची. घरातलं एक माणूस अडलं तर दुसरं बदली गेलेलं चालतं, दिवस धरला जातो. मी दोन वर्षं रविवारी कांदे लावले, टोमॅटो तोडले, कंबर मोडून घेतली आणि अक्काला मनातल्या मनात भरपूर शिव्याही दिल्या. बारावीची परीक्षा जवळ आली तेव्हा मात्र तिनं माझं खुरपं काढून घेतलं. स्वतःचे दिवस होतेच, वर माझ्या नावाचेही तीच भरू लागली. बायांनी विचारलं की म्हणायची, "भाऊ अभ्यासाला बसलाय, त्याच्या बदली मी आलीय." मी इंजिनीयर झालो तो असा झालो.

पुढं फळं-भाज्यांची प्रतवारी करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली आणि दोन हजारनंतर कंपनीनं मला चार वर्षांसाठी अमेरिकेत पाठवलं. घर पूर्व किनाऱ्याला न्यूजर्सीत, आणि यंत्रं बसवायची ती पार पश्चिमेला कॅलिफोर्नियात. महिन्यातून दोनदा अख्खा खंड ओलांडायचा, तोही मागच्या रांगेत गुडघे छातीशी घेऊन. विमान कंपनी प्रत्येक फेरीला पॉइंट द्यायची. ते साठले की पुढच्या भागातली, पाय पसरून आडवं होता येईल अशी खुर्ची मिळायची. माझे सहकारी ते पॉइंट उडवून मोकळे व्हायचे. मी एकही वापरला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, एकदा अक्काला त्या खुर्चीत बसवायचं. बायकोच्या, वैशालीच्या बाळंतपणाला अक्का आली आणि मला संधी मिळाली. तिकडचे टोमॅटोचे मळे बघायची तिला फार हौस होती. "येवढी यंत्रं लावतो म्हणतोस, मंग माल तरी कसा हाय बघू की," असं रोज चाललं होतं.

पॉइंट एका माणसाच्या जाण्यापुरतेच होते. मी माझं साधं तिकीट काढलं आणि तिला ऐटीत सांगितलं, "अक्का, तू पुढं राणीसारखी बसायचं, मी मागं. आणि एक छदामसुद्धा पडला नाही, फुकट आहे सगळं!"

झालं! बाईंचा चेहराच बदलला. "फुकटचं असंल तर मी न्हाई बसायची."

"अगं, फुकट म्हणजे तसं नाही..."

"तूच म्हणलास ना? मला मागं बसव, न्हाईतर ऱ्हाऊ दे. टोमॅटो काय डिंगोऱ्यात दिसत न्हाईत व्हय?"

मी भडकलो. वैशालीनं समजावलं, मी आरडाओरडा केला, तान्ही पोर उठून रडायला लागली. अक्का ढिम्म. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलेना. आपण इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट ही हट्टी बाई एका शब्दापायी धुळीला मिळवणार, या विचारानं माझा जळफळाट होत होता. मग तिसऱ्या दिवशी ती पोरीला तेल लावत बसली असताना मला सुचलं. म्हटलं, "अक्का, त्या विमान कंपनीकडं मी एवढ्या फेऱ्या केल्या, अंग आंबवून घेतलं. आता तिनं माझी एक फेरी करायचीय. ही सावड आहे गं." तिचा हात थांबला. विचार करून म्हणाली, "मंग ते दिवस तुझं. तू बस की." मी म्हणालो, "माझ्या बारावीला माझ्या बदली कोण गेलं होतं? ते दिवस मी कधी फेडले? घरातलं दुसरं माणूस चालतं ना सावडीला?"

अक्का बराच वेळ पोरीच्या पायाला तेल चोळत राहिली. डोळे भरले होते, पण ते मला दिसू नयेत म्हणून मान खाली. शेवटी म्हणाली, "बसते. पर भाकरी माझी मी नेणार."

आणि नेली! बाजरीच्या चार भाकऱ्या, ठेचा, कांदा, सगळं फडक्यात बांधून. विमान उडाल्यावर दोन तासांनी माझ्यानं राहवेना. इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पुढं काय करत असेल बाई? पडद्यापाशी गेलो तर तिथल्या हवाई सुंदरीनं अडवलं. सुंदरी म्हणायची आपली पद्धत, बाई पन्नाशीच्या होत्या. माझी बहीण आहे म्हटल्यावर तिनं हसून पडदा सरकवला. अक्का त्या भल्यामोठ्या खुर्चीत मांडी घालून बसलेली, समोर फडकं सोडलेलं. कंपनीचं जेवण तिनं हातानं खुणावून परत पाठवलं होतं. चहा तेवढा घेतला होता, कारण चहा मालकाचा! आणि त्या हवाई सुंदरीच्या हातात अर्धी भाकरी आणि ठेचा. डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक लाल झालंय आणि बाई खातायत. अक्का मला म्हणाली, "सकाळधरनं उभी हाय रे ती. कुणी बस म्हणलं न्हाई तिला."

खरी गंमत उतरताना झाली... मला तेव्हा गंमत वाटली नाही. मी मागून रांगेतनं पुढं आलो तर पुढच्या भागातले सगळे उतरून गेलेले आणि अक्का त्या भागातल्या एकूण एक खुर्चीवरची पांघरुणं गोळा करून घड्या घालत होती. उशा एकावर एक रचलेल्या. माझ्या मागं पन्नास माणसं खोळंबलेली, कुणी हसतंय, कुणी घड्याळ बघतंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओरडलो, "अक्का, ठेव ते! लोक काय म्हणतील?" ती शांतपणे म्हणाली, "काम अर्धं टाकून वावरातनं निघतं का रे कुणी?" मी पांघरूण हिसकावायला हात पुढं केला, तेवढ्यात ती हवाई सुंदरी मधे आली. तिनं पांघरुणाची दोन टोकं धरली, दोन अक्कानं धरली. दोघींनी ते झटकलं, घडी घातली, मग पुढचं घेतलं. माझी लाज मला तिथं पुरून उरली. आज हे सगळं मी छाती फुगवून सांगतो, तेव्हा मात्र मान खाली घालून उतरलो.

मळ्यात तिनं यंत्र बघितलं, टोमॅटो हातात घेऊन दाबून बघितला, साल जाड आहे म्हणाली. मैलोन् मैल लाल वावर. त्याकडं बघत म्हणाली, "माल लई हाय. पर बाया कुठंयत? बोलायचं कुणासंगं?" गावी परतल्यावर तिनं सगळ्यांना विमानाची हकिकत सांगितली, पण खुर्चीचं, आडवं व्हायचं कौतुक त्यात नसायचंच. "माझ्या भावानं मला फुकट न्हाई नेलं," हेच ती सांगायची, आणि सांगताना माझ्याकडं अशी बघायची की जणू ते विमान मीच चालवलं होतं.

गेल्या आठवड्यात डिंगोऱ्याला गेलो होतो. शेजारची सुमनबाई भेटायला आली. जाता जाता दीपकला हळूच म्हणाली, "तुझी आई जायच्या आदल्या दिशी आमी कांदं लावाय आलो व्हतो तुमच्याकडं. तिचा एक दिवस माझ्याकडं यायचा व्हता. पर आता ते काय धरू नका, बाबा." दीपकनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दीपकच्या बायकोकडून दोन भाकऱ्या बांधून घेतल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सुमनबाईच्या वावरात जाऊन उभा राहिलो. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सुमनबाई पुढं आली, "अवं भाऊ, तुमी पावणं माणूस, चिखलात कशाला?"

मी म्हणालो, "अक्काच्या बदली आलोय."

तिनं पदरानं डोळे पुसले, कांद्याच्या रोपांची एक जुडी माझ्या हातात दिली आणि बायांच्या रांगेत सरकून मला जागा करून दिली.