घेवड्याचा मांडव

दसरा झाला की आम्ही ऊसतोडीला निघायचो. पावसाळ्यात आईनं दारात लावलेला घेवडा नेमका तेव्हा फुलायला लागायचा आणि शेंगा खायला आम्ही नसायचो.

घरातली पहिली पदवीधर मी. आता नोकरी आहे, तालुक्याच्या गावी घर आहे, आई माझ्याजवळ आहे. तिनं अंगणात मांडव घातलाय. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी ती घेवड्याचा वेल बांबूला बांधते, आणि गाठीत बोट जाईल एवढी जागा ठेवते. मी घट्ट बांधायला गेले तर हातावर चापट बसली. "वेल जाड होतो गं. आत्ता आवळलास तर उद्या तिथंच तुटंल."

शिकताना मला आधार देणारेही भेटले. वसतिगृहात जागा मिळवून देणाऱ्या गृहस्थांना वाटायचं, मी पुढं सगळं त्यांना विचारूनच करावं. मी केलं नाही, तर उपकार विसरली म्हणाले. म्हणू देत. आधार घेतला म्हणून मी वाढायचंच नाही की काय?

परवा शेजारच्या काकू फाटकातून म्हणाल्या, "मॅडम, एवढ्या शिकलात आणि दारात चिंध्या? गल्लीची शोभा जाते. काढून टाका."

आई खरंच गाठ सोडायला लागली.

"काकू, ही माझ्या आईची लुगडी आहेत. ती इथंच राहतील."

"अगं, भांडू नको," आई पुटपुटली.

"भांडत नाही. तो उरलेला बांबू दे इकडं."

काल आम्ही दोघींनी मांडव फाटकापर्यंत नेला.