शंभरातली चार माणसं

दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदरावरच्या एका लहान कंपनीत मा यंग-नानचं काम एकच: बेटांकडे जाणाऱ्या बोटींच्या तिकिटांचं ॲप सगळ्या फोनांवर चालतंय ना, हे बघणं. तिच्या कपाटात एकतीस जुने फोन होते. एकाचं दुखणं बरं केलं की दुसरा आडवा पडे. नव्या फोनवर ऐटीत बसणारी अक्षरं सात वर्षांपूर्वीच्या प्रणालीवर एकमेकांच्या उरावर बसत.

वसंतात कंपनीचे प्रमुख प्योसाहेब यांनी बैठकीत फर्मान काढलं. "जुन्या प्रणाली बंद! शंभरात चार माणसं वापरतात. चौघांसाठी किती दिवस रडायचं?"

यंग-नान म्हणाली, "पण साहेब, ती चौघंच बेटांवर राहतात. बाकीचे वर्षातून एकदा फिरायला येतात."

"मग घ्यावेत त्यांनी नवे फोन. प्रगती कुणासाठी थांबते का?"

हे बोलणाऱ्या साहेबांना स्वतःच्या फोनची घंटी बंद करायलाही यंग-नानच लागायची.

ॲप बदललं. सोमवारी दुपारी बेटावरच्या आठ आज्या दवाखाना, बाजार उरकून परत निघाल्या, तर तिकीटच निघेना. तिकीट खिडकी तर ॲपच्या भरवशावर केव्हाच बंद केलेली. ऑक्टोपस विकून रिकाम्या झालेल्या बादल्या घेऊन त्या थेट कचेरीत चढल्या.

"पोरी, तिकिटाचं बटण तुझ्या साहेबानं गिळलं काय गं?" ओक-बुन आजीने विचारलं.

प्योसाहेब हसत पुढे आले. "आजी, तुमचा फोन जुना झालाय."

"जुनी तर मीही झालेय. मला काय समुद्रात लोटणार? आणि ती बोट तुझ्या वयाची आहे. आधी तिला मोडीत काढ, मग माझ्या फोनकडे बघ!"

साहेबांना एकाएकी तातडीचं काम आठवलं. ते मागच्या जिन्याने गेले.

यंग-नानने आठही फोन टेबलावर मांडले. बटण पडद्याच्या खाली, दिसणार नाही अशा जागी जाऊन बसलं होतं. तिने कुणाला न विचारता जुनी आवृत्ती पुन्हा चालू केली. आज्यांना शेवटची बोट मिळाली.

शरद ऋतूत कंपनीला 'ज्येष्ठांची सोबती' म्हणून मानपत्र मिळालं. प्योसाहेबांनी मंचावर डोळे पुसले. "शेवटच्या माणसाला आम्ही कधीच सोडलं नाही!"

यंग-नाननेही टाळ्या वाजवल्या, मोजून दोन. तिला त्या सोमवारचा खुलासा मागणारी नोटीस आली होती: परवानगीविना जुनी आवृत्ती का चालू केली?

तिने नोटिशीखाली लिहिलं, "बोट सुटत होती."

त्या वर्षी तिची बढती राहून गेली.