लॉर्नाच्या संघातला फितूर

लॉर्ना स्टेन्झेलचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. गॅरेजवाल्याने गाडीचा खराब झालेला पार्ट बदलला, तर जुना पार्ट स्वतःच्या हातात घेऊन पाहिल्याशिवाय ती तिथून हलायची नाही. चर्चच्या जेवणात कुणी तिच्या केकची जरा जास्त तारीफ केली, की घरी येऊन नवऱ्याला विचारायची, "हिला माझ्याकडून काय हवंय?" तिचे वडील गुरांचे दलाल होते. गाय बघताना विकणाऱ्याचं तोंड बघायचं, हे तिला लहानपणीच शिकवलेलं. शिवाय पहिल्या नोकरीत तिच्या हाताखालची सहायक बाई तिच्याच घरी जेवून, वरिष्ठांकडे तिच्याच तक्रारी करून तिच्याच खुर्चीत बसली होती. ते लॉर्ना कधी विसरली नाही.

आमच्या ऑर्डवे कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची ती कोच. मी खेळाडूंचे घोटे बांधते, मुरगळलेल्या गुडघ्यांना बर्फ लावते, आणि सामन्याच्या वेळी बाकाच्या टोकाला बसते. विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत आम्ही दोघी बरोबरच म्हाताऱ्या होत चाललोय, त्यामुळे तिला तोंडावर बोलणाऱ्या दोन-चार माणसांत माझा नंबर लागतो.

अख्ख्या जगात तिचा पुरता भरवसा एकाच माणसावर होता, नवऱ्यावर. वेन्डेल. हिवाळाभर तालुक्याच्या रस्त्यांवरचं बर्फ काढणारी गाडी चालवायचा. त्या वसंतात निवृत्त झाला, आणि घरात बसून लॉर्नाला वेड लावायला लागला, तेव्हा कॉलेजने त्याला आमच्या घरच्या सामन्यांना माईकवर बसवलं. रात्रीच्या जेवणाला लॉर्ना त्याच्यापुढे सगळं बोलायची. कोणती पोर आळशी, कुणाचा डावा हात चालत नाही, कोणता डाव कधी खेळायचा. तो ऐकायचा आणि बटाटे वाढून घ्यायचा.

नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली, टेकड्यांवरून बंदुकांचे आवाज यायला लागले, आणि आमचा मोसम उघडला. पहिले दोन सामने घरचे होते, दोन्ही आरामात जिंकलो. लॉर्नाने डावांना भाज्यांची नावं दिली होती. ती बाकावरून "मका!" ओरडली की चेंडू एका कोपऱ्यात जायचा, "बीट!" म्हणाली की उंच पोरीकडे.

तिसरा सामना टॅम्ब्लिन कॉलेजच्या हॉलमध्ये होता. लॉर्ना "मका!" म्हणायचा अवकाश, त्यांच्या बाकावरून आरोळी आली, "कोपरा धरा, कोपरा!" आणि त्यांच्या दोन पोरी आमच्या पोरीच्या आधी कोपऱ्यात हजर. बीटचं तेच झालं. आम्ही सपाटून हरलो. परतताना लॉर्ना बसमध्ये नेहमीसारखी पुढे बसली नाही. सगळ्यात मागे जाऊन बसली, म्हणजे सगळ्यांची डोकी दिसतील.

दुसऱ्या दिवशी सरावाला आले तर हॉलच्या दारांच्या काचांना आतून कागद चिकटवलेले. मुलींचे फोन कपड्यांच्या टोपलीत गोळा केलेले. बाकडी दुरुस्त करणाऱ्या अर्नीलाही तिने बाहेर काढलं होतं.

"अगं, अर्नीला बास्केटबॉल आणि भोपळा यातला फरक कळत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच. मला कुणाकडे माणूस पाठवायचा असता तर मीही असाच पाठवला असता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पेग, पोरी तुझ्या टेबलावर पाय टाकून पडतात तेव्हा बोलतात. जरा कान दे."

"मी पट्ट्या बांधते, लॉर्ना. हेरगिरी करत नाही."

असं म्हणाले खरी, पण त्या दिवसापासून माझेही कान उभे राहिले. आपल्यातलंच कुणी फितूर आहे असं एकदा कुणी म्हटलं, की साधं हसणंसुद्धा वेगळं ऐकू येतं. दोन मुली कुजबुजल्या की मी पट्टी हळूहळू गुंडाळायचे.

लॉर्नाने डावांची नावं बदलली. नवी नावं कुठून आणली ते तिने कुणाला सांगितलं नाही. एथेल, मर्टल, आयडा. त्या नावांवर पुढचा घरचा सामना आम्ही जेमतेम काढला. मग आला लेनार्ट कॉलेजचा, आमच्या गटातला पहिला खरा सामना, त्यांच्या हॉलमध्ये.

इथे डीलिया नोव्हॉटनीबद्दल सांगायला हवं. डीलिया आदल्या वर्षी लेनार्टकडून खेळायची. तिथे पटेना म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडे आली. बचावात तिच्यासारखी दुसरी नाही, पण बोलायला कमी, आणि हसायची ती खाली बघून. टॅम्ब्लिनच्या सामन्यानंतर बसमध्ये लॉर्ना कुणाच्या डोक्याकडे सगळ्यात जास्त वेळ बघत होती, ते मी पाहिलं होतं.

लेनार्टला पुन्हा तेच. "मर्टल आली! मर्टल!" त्यांची अख्खी रांग ओरडायची आणि खिदळायची. त्यांची एक बुटकी पोर डीलियाच्या अगदी तोंडाशी येऊन म्हणाली, "काय गं, मर्टलमावशी बरी आहे ना?" सामना हरलो. संपल्यावर तिथल्या दोन-तीन जुन्या मैत्रिणी डीलियाच्या गळ्यात पडल्या. लॉर्ना लांबून हाताची घडी घालून बघत होती.

बसमध्ये मी डीलियाच्या घोट्याला बर्फ लावत होते. तिने विचारलं, "मर्टल कुणाची मावशी आहे का हो?"

"मला काय ठाऊक? का?"

"काही नाही," म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय. मला किती माहीत आहे ते बघतेय.

सोमवारी लॉर्नाने तिला ऑफिसात बोलावलं. माझी खोली शेजारीच आणि मधली भिंत नावापुरती.

"लेनार्टच्या पोरींशी काय बोलत होतीस?"

"एकीच्या भावाचं लग्न ठरलंय, कोच. ते सांगत होती."

"आणि आपले डाव?"

"मी कशाला सांगू?"

"ते तूच सांग. नावं बदलली तरी त्यांना कळली. टॅम्ब्लिनला कळली, लेनार्टला कळली. इथल्या बाकीच्या पोरींना त्या शाळेत असल्यापासून मी ओळखते."

"तुम्हाला हरवायचंच असतं तर मी तिथेच राहिले असते ना! इथे येऊन, तुमचे डाव पाठ करून, मग फोन करून सांगायचा उपद्व्याप कशाला केला असता?"

मुद्दा खरा होता. पण संशयी माणसाला चांगला युक्तिवाद ऐकला की जास्तच शंका येते. लॉर्ना म्हणाली, "शनिवारच्या सामन्याला हॉलमध्ये यायचं नाही. खोलीवर थांब. मग बघू."

कॉलेज एवढंसं आहे. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. जेवणघरात डीलिया ट्रे घेऊन आली, तर टेबलावरच्या मुलींना एकदम आठवलं की त्यांना अभ्यास आहे. तिच्या कपाटावर कुणीतरी लेनार्टचं स्टिकर चिकटवलं. ते तिने काढलं नाही, तसंच ठेवलं.

शनिवारी तिच्यावाचून आम्ही आमच्याच हॉलमध्ये कसंबसं जिंकलो. रविवारी दुपारी माझ्या घराची बेल वाजली. दारात डीलिया, काखेत लॅपटॉप.

"मर्टल कोण ते कळलं," ती म्हणाली.

आमचे घरचे सामने कॉलेज इंटरनेटवर दाखवतं. लांब राहणारे आईबाप ते बघतात. वेन्डेलचा माईक त्यांच्यासाठीच, हॉलमध्ये तो ऐकू येत नाही, आणि आम्ही गावातले सगळे हॉलमध्येच असतो. खोलीवर एकटी बसलेल्या डीलियाने आदल्या दिवशी पहिल्यांदाच आमचा सामना तसा बघितला, आणि मग मागचे सगळे काढून बघितले. तिने बटण दाबलं. वेन्डेलचा जाडा, आनंदी आवाज माझ्या स्वयंपाकघरात घुमला.

"हां, आता लॉर्ना म्हणाली मर्टल! मर्टल माझी मावशी, बरं का. अंगाने भरलेली, एकदा खुर्चीत बसली की उठायची नाही. तर आपली उंच पोर बास्केटखाली मावशीसारखी ठाण मांडून बसणार, सगळे तिला घेरणार, आणि चेंडू गुपचूप बाहेर, डाव्या कोपऱ्यात! बघा आता. बघा! सांगितलं नव्हतं मी?"

एथेल आणि आयडा याही त्याच्या मावश्याच. एथेल कुणाच्या ना कुणाच्या मागे सतत धावायची, आणि आयडा सांगून एकीकडे जायची आणि निघायची भलतीकडे. त्या आधीच्या सामन्यांत मका आणि बीट, तेही साग्रसंगीत. समोरच्या कोचने फक्त पेन घेऊन बसायचं.

मला हसू आवरेना. डीलिया हसत नव्हती.

"कोचना सांगू नका," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? ऊठ, आत्ताच जाऊ."

"त्यांना वाटेल, मी स्वतःला वाचवायला त्यांच्या नवऱ्यावर ढकलतेय. आणि..." ती थांबली. "या आठवड्यात मला नावाने हाक मारली ती फक्त वेन्डेलनी. दुकानात भेटले तर पिशवी उचलून बसस्टॉपपर्यंत आले. त्यांना काही माहीतच नाही, पेग."

मी तिचं ऐकलं नाही. लॉर्ना ऑफिसात असणार हे ठाऊक होतं. ती आदल्या दिवसाचा सामना बघत होती, आवाज पूर्ण बंद करून.

"आवाज लाव," मी म्हटलं.

"कशाला? माईकवरची बडबड मी कधीच ऐकत नाही. आणि याची तर घरी ऐकतेच की."

"लॉर्ना, आवाज लाव."

तिने लावला. मर्टल आली, खुर्चीत बसली, चेंडू कोपऱ्यात गेला. लॉर्नाने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे कुणी जोडलंय?"

"काय जोडलंय?"

"आवाज. कुणीतरी त्याचा आवाज वर घातलाय."

"अगं बाई!"

"मग त्याला कुणीतरी पढवलं असणार. टॅम्ब्लिनचा तो कोच त्याच्याबरोबर मासे धरायला जातो..."

आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तोंड उघडं राहिलं आणि ती खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली, "मीच सांगितलं त्याला. बटाटे वाढता वाढता."

सोमवारी सगळ्या मुलींसमोर तिने डीलियाची माफी मागितली. आढेवेढे न घेता, एका दमात. "डीलियाचा काही संबंध नव्हता. मी पुरावा नसताना तिच्यावर आळ घेतला. चूक माझी." कुणीतरी विचारलं, "मग होतं कोण?" लॉर्ना म्हणाली, "ते माझ्या घरचं आहे." डीलिया म्हणाली, "ठीक आहे, कोच," आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागली.

इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण लॉर्नाच्या रक्तात दलाली होती. पुढच्या शनिवारी घरचा सामना होता, गटातल्या जोरदार संघाशी, आणि त्यांनी वेन्डेलचं सगळं ऐकून पाठ केलं असणार, हे तिला आता पक्कं माहीत होतं. तिने मुलींना सगळे डाव उलटे शिकवले. नावं तीच, चाली वेगळ्या. आणि घरी जेवताना वेन्डेलला मात्र जुन्याच चाली सांगत राहिली, वर दोन नव्या थापा घातल्या, म्हणजे माईकवरून खरं काही जायला नको.

समोरच्या पोरी डाव्या कोपऱ्यात धावायच्या आणि चेंडू उजव्या कोपऱ्यातून आत पडायचा. डीलियाने इतके चेंडू पळवले की त्यांची कोच कपाळ धरून बसली. हॉल दणाणला. मोसमातला आमचा सगळ्यात मोठा विजय.

मी मात्र घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकलं. "लॉर्ना म्हणाली मर्टल, म्हणजे डावा कोपरा, बघा हं... अरे? उजवीकडे गेला. चुकलं वाटतं पोरींचं." पुढच्या वेळी, "एथेल... नाही, हेही वेगळंच झालं." मग, "काल रात्रीच मला तिने..." आणि वाक्य तिथेच तुटलं. उरलेल्या वेळात त्याने फक्त गुण सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला वेन्डेलने विचारलं. हे मला लॉर्नानेच सांगितलं, माझ्या टेबलावर बसून, पाय खाली सोडून.

"तू मला मुद्दाम चुकीचं सांगितलंस?"

तिने मग सगळं सांगितलं. टॅम्ब्लिन, लेनार्ट, डीलिया. मर्टलमावशीचं ऐकून तो आधी खो खो हसला. मग डीलियाचं ऐकून हसू गेलं. "त्या पोरीला माझ्यापायी?" म्हणाला. आणि मग, "तू मला नुसतं गप्प बस म्हणाली असतीस, लॉर्ना, तर मी बसलो असतो. आठवडाभर माझ्यासमोर बसून खोटं बोललीस. मी आपला मान हलवत होतो."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? कॉफी ओतली त्याला."

त्याच दुपारी तो डीलियाकडे जाऊन आला. काय बोलले ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. डीलिया पूर्ण मोसम खेळली, जीव तोडून खेळली. पण नाताळाआधी लॉर्ना सगळ्या संघाला घरी जेवायला बोलावते, तेव्हा ती आली नाही, निरोपही नाही. वसंतात ती शिक्षण पुरं करायला आयोवात आजीकडे निघून गेली. लॉर्ना तिला सोडायला बसपर्यंत गेली होती. डीलियाने हात मिळवला.

वेन्डेलने माईक सोडला नाही. पण मावश्या बंद झाल्या. कोण कुठल्या गावची, बाहेर रस्ता कसा आहे, कोणत्या पुलावर बर्फ घट्ट झालंय, एवढंच तो सांगायचा. लांबच्या आईबापांनी कॉलेजला कळवलं की पूर्वीची मजा राहिली नाही. रात्रीच्या जेवणाला लॉर्ना आता बास्केटबॉल काढायची नाही, आणि तोही विचारायचा नाही.

फेब्रुवारीत, शेवटच्या घरच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, तिने जेवताना आपण होऊन त्याला एक डाव सांगितला. खराखुरा. तो फक्त "हं" म्हणाला.

सामन्यात तो डाव आला. लॉर्नाने हात वर केला, तेव्हा मी वळून माईककडे पाहिलं. वेन्डेल पुढे वाकला होता, तोंड उघडलं होतं, आणि काहीतरी अगदी थोडंसं बोलून तो मागे टेकला.

सोमवारी लॉर्ना माझ्या खोलीत आली. "'आता बघा,' एवढंच म्हणाला," ती म्हणाली. "बाकी चकार शब्द नाही."

"तुला काय माहीत? तू तर बाकावर होतीस."

ती जरा लाजली. "रेकॉर्डिंग ऐकलं."

"तपासलंस?"

"तपासलं," लॉर्ना म्हणाली, आणि तिचे डोळे पाण्याने भरले.