हरभऱ्याची आंब

लग्न होऊन मी बोरीजवळच्या गावात आले, तेव्हा माहेरच्या स्वच्छतेचा मला भारी तोरा होता. भाजी आणली की धू, डाळ घेतली की धू. सासरी पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे, तरी तो तोरा काही उतरला नव्हता.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. पिकलेली बरीच ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायची आणि कापड राशनवर, तेही मिळालं तर. घरात आम्ही तिघं: आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हे आणि मी. चैत्रात रान उघडं पडलं की हिरवी काडी दिसायची नाही. मग भाकरीशी एकच आधार, वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला. चुरून शिजवायचा, मूठभर पीठ लावायचं, वर लसणाची फोडणी. जिथं चिंचसुद्धा जपून वापरायची, त्या घरात त्या भाजीचा आंबटपणा हीच चैन होती.

त्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही दोघींनी दिवसभर वाकून हरभऱ्याचे शेंडे खुडले. दुसऱ्या दिवशी आत्याबाई खुरपायला गेल्या आणि मी सगळा पाला विहिरीवर नेऊन तीन पाण्यांनी खळखळून धुतला. अंगणात पसरला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

आत्याबाईंनी आल्या आल्या एक पान जिभेवर ठेवलं आणि त्या खालीच बसल्या.

"समदा धुतलास व्हय गं?"

हरभऱ्याच्या पानांवर दवाबरोबर आंबट द्राव धरतो, तीच आंब. सगळी चव तिच्यात, आणि ती मी पाण्यात घालवली होती. हरभरा फुलावर आलेला, पुन्हा खुडता येणार नव्हता. आता पुढचे कितीतरी महिने घर ती बेचव भाजी खाणार आणि माझ्या माहेराचा उद्धार करणार. कदाचित मला तिकडेच नेऊन घालतील. मला रडूच फुटलं.

"रडायलीस कशाला? पाला हाय न्हवं? आंब हाय की अजून रानात."

संध्याकाळी त्यांनी पेटीतून सणाचं लुगडं काढलं. अंगावरचं सोडलं तर त्यांना ते एकच होतं. मी म्हटलं, माझं घ्या.

"नव्या नवरीचं लुगडं रानात पसरत्यात व्हय?" म्हणत त्यांनी आपलं लुगडं हरभऱ्यावर अंथरलं. पहाटे ते दवानं जड झालं होतं. दोघींनी दोन्ही टोकं धरून गाडग्यात पिळलं आणि ते आंबट पाणी पाल्यावर शिंपडून पुन्हा वाळवलं. असं पाच-सहा दिवस केलं. थंडीनं माझी बोटं वाकत नव्हती, त्यांची तर चिरलेली होती.

उन्हाळा लागताच ती भाजी केली, तर ह्यांनी दोनदा मागून घेतली. मला केवढं हायसं वाटलं!

पण आंब कापड खाते, हे मला पाडव्याला कळलं. आत्याबाईंनी लुगडं नेसायला काढलं, तर पदरभर बारीक भोकं. त्यांना ते आधीपासून ठाऊक असणार. शेजारीण म्हणाली, "अगं बया, हे काय झालं?"

"उंदरानं खाल्लं," आत्याबाई म्हणाल्या. "लय माजलेत."

मी परातीत पीठ मळत होते, मान वर केली नाही. आमच्या घरात उंदरांनी यावं असं काही नव्हतंच. त्यांनी खरं कधी आपल्या लेकालाही सांगितलं नाही आणि तेच लुगडं पुढं प्रत्येक सणाला नेसल्या. त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. उंदरांवरचा आळ तेवढा आज काढून टाकते.