वन्संची जीभ

माझ्या नणंदबाई मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याविषयी एखादा बरा शब्द माझ्या तोंडून निघाला, तर तो नाइलाजाने निघाला असं समजावं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बिस्किटांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, आणि काम काय, तर चव बघणं. भट्टीतून नवा माल निघाला की त्यातलं एक बिस्किट त्यांच्यापुढे यायचं. त्यांनी मान डोलावली तर माल डब्यात, नाक मुरडलं तर सगळाच्या सगळा बाद. एकदा मालकाच्या मेव्हण्याने पुरवलेलं लोणी त्यांनी वास घेऊन दारातूनच परत पाठवलं होतं म्हणे. हे म्हणणाऱ्याही त्याच, आणि पाहुणा नवा असला की अजूनही म्हणतात.

या जिभेसाठी त्यांनी कच्च्या कांद्यावर, लसणावर, तिखटावर आणि अत्तरावर पाणी सोडलं. चहा निवून त्याचं पाणी झाल्याशिवाय त्या कपाला हात लावत नसत. लग्नसुद्धा जमत आलं होतं, पण मुलगा तंबाखू खायचा. त्या वासात राहून माझी जीभ बिघडेल, असं सांगून वन्संनी स्वतःच ते मोडलं. ताईने जिभेशीच लग्न केलं, अशी घरात थट्टा चालायची. चालू दे की. पण त्या जिभेला नांदायला शेवटी माझंच घर सापडलं.

निवृत्त झाल्यावर वन्सं दोन बॅगा आणि आइसक्रीमचं यंत्र घेऊन आमच्याकडे आल्या. यंत्र म्हणजे दुहेरी भिंतीचं एक जाडजूड भांडं, वर मोटर आणि आत फिरणारं पातं. भांड्याच्या भिंतीत पाण्यासारखं काहीतरी भरलेलं असतं. ते पुरता एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवून दगड करायचं, मग पातं सुरू करून वरून गार मिश्रण ओतायचं. भांडं नीट गोठलं की नाही ते कळायला कानाशी धरून हलवायचं. आत डुचमळल्याचा आवाज आला तर परत आत. रोज सकाळी मी डबा भरायला स्वयंपाकघरात यावं, तर या भांडं कानाला लावून ओट्याशी उभ्या. माझे वाटाणे, माझा बर्फाचा ट्रे, सगळं हद्दपार झालं, आणि फ्रीजर उघडायचा तर त्यांना विचारून, असा कायदा झाला.

कधी दुधाचं आइसक्रीम, कधी सॉर्बे, म्हणजे दूध न घालता नुसता फळांचा रस आणि साखरेचा पाक. संत्र्याचं, कलिंगडाचं, अननसाचं. चांगलं करायच्या, खोटं कशाला बोलू? पण खाणाऱ्याला सुखाने खाऊ देतील तर शपथ. वाटी हातात दिली की समोर बसायच्या आणि यात काय चुकलंय ते सांगा म्हणायच्या. छान झालंय म्हटलं की चिडायच्या, दोष काढला की तो चुकीचा काढला म्हणून चिडायच्या. माझा नवरा वाटी घेऊन गच्चीत पळायचा. मी दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं तिरसट बोलणं ऐकून घरी यावं, तर घरी भाजीत मीठ उशिरा घातलंस, पोळीला तेल जुनं वापरलंस. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि वाईट म्हणजे त्यांचं बरोबर असायचं.

अशात एके दिवशी कारखान्यातून फोन आला. कारखाना आता आइसक्रीम काढणार होता आणि चव बघायला जुनं, खात्रीचं माणूस हवं होतं. आठवड्यातले तीन दिवस. वन्सं फोन ठेवून आल्या त्या दोन इंच उंच होऊनच. नव्या साहेबांना त्यांनी रविवारी घरीच बोलावलं होतं. माझ्या हातचं लिंबाचं सॉर्बे खाऊन मग काय ते ठरवा, असं ऐटीत सांगितलं होतं. मलाही आनंद झाला. तीन दिवस घरात शांतता आणि फ्रीजरमध्ये वाटाणे, याहून जास्त मी कधी काही मागितलं नव्हतं.

तालीम म्हणून त्यांनी सोमवारी लिंबाचं सॉर्बे केलं, आणि ते घट्टच होईना. पातं फिरत राहिलं, मोटर तापली, भांड्यात नुसता पातळ चिखल. खापर अर्थातच माझ्यावर. मी फ्रीजर उघडला असणार, म्हणून भांडं नीट गोठलं नाही. तो चिखल मी चमच्याने चाखला तर दात शिवशिवले, इतका गोड. तसं बोलले, तर त्यांनी मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. गारव्याने गोडी दबते, म्हणून मिश्रण कोमट असताना जास्तच गोड लागलं पाहिजे. गोठल्यावर बरोबर होतं. हे खरंच आहे. पण मी चाखलं ते गार झालेलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि रागाच्या भरात माझ्याही नाही.

मंगळवारी मी काय केलं, तर फ्रीजरच्या दाराला चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर माझी सही केली. बुधवारी त्यांच्यादेखत ती काढली. भांडं त्यांच्या कानाशी मीच हलवलं. आत टिपूस वाजलं नाही. वन्संनी मिश्रण ओतलं, आणि पुन्हा तोच चिखल. मग मात्र माझी ट्यूब पेटली. साखर फार झाली की रस गोठत नाही, हे मला त्यांनीच कधीतरी ऐकवलं होतं. भांडं निर्दोष, फ्रीजर निर्दोष, मीही निर्दोष. राहता राहिली साखर, आणि ती घालणारी चाखून चाखून घालत होती. मागच्या महिन्यात त्या शेगडीशी उभ्या असताना दूध करपलं होतं आणि वास मला न्हाणीघरात आला होता, तेही आता आठवलं.

मी हे मनात ठेवणाऱ्यांतली नाही. तिथल्या तिथे म्हणाले, "वन्सं, फ्रीजरला काही झालेलं नाही. तुमची चव गेलीय."

त्यानंतर जे झालं त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही. मी पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर जळते, त्यांना काम मिळतंय ते माझ्या डोळ्यांत खुपतंय, दवाखान्याच्या खिडकीत बसून मी स्वतःला डॉक्टर समजायला लागले. मीही कमी केलं नाही. इतक्या वर्षांचं तोंडसुख मी एका दमात घेतलं. नवरा मधे उभा होता. नंतर त्याने मला एवढंच सांगितलं, की ताईकडे दुसरं काही नाही गं. ते मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच नेमकं तिथे मारलं होतं.

आमचं बोलणं बंद झालं. शनिवारी दुपारी मी कामावरून लवकर आले. स्वयंपाकघरात वन्सं टेबलाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर दोन वाट्या, एकीत मीठ, एकीत साखर. डोळे मिटून त्यांनी वाट्यांची अदलाबदल केली, एकीतली चिमूट जिभेवर ठेवली आणि थांबल्या. पुष्कळ वेळ थांबल्या. मग डोळे उघडून, हाताशी कुठली वाटी आहे ते वाकून पाहिलं. मला फार वाईट वाटलं आणि त्याचा रागही आला, कारण या बाईसाठी वाईट वाटून घ्यायची माझी मुळीच तयारी नव्हती. मी दारातून मागे फिरले आणि चपला उगाच वाजवत पुन्हा आत आले.

रविवारी सकाळी त्यांनी लिंबं पिळली, पाक केला, आणि चमचा माझ्या पुढ्यात धरला. माझ्याकडे बघत मात्र नव्हत्या.

"बघ," म्हणाल्या.

मी चाखून पाणी घाला म्हटलं. लिंबू पिळा म्हटलं. आणखी पाणी. दर वेळी त्यांनी वाद घातला, दर वेळी घातलं. तुझ्या जिभेचा भरवसा काय, म्हणाल्या. मी म्हटलं, आहे ती चालते तरी. यंत्र सुरू झालं आणि मिश्रण पात्याला धरू लागलं, पांढरंशुभ्र. आम्ही दोघी भांड्यात डोकं घालून बघत होतो.

साहेब तरुण होते, सोबत कारखान्यातली एक जुनी बाई. दोघांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या. साहेब म्हणाले, अशी नेमकी चव त्यांना आजवर कुठे मिळाली नाही, आणि सोमवारपासून या. जुनी बाई कौतुकाने वन्संच्या पाठीवर हात फिरवू लागली. मी भिंतीला टेकून उभी होते. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं, आणि ते मी ठेवलं. तीन दिवस. वाटाणे.

वन्संनी स्वतःची वाटी खाली ठेवली.

"मला यातलं काही लागत नाही," त्या म्हणाल्या. "गार तेवढं लागतं. हे हिने चाखून केलंय. मला घेऊ नका."

साहेबांनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. तुमच्या नावालाच मान आहे, सोबत दुसरी माणसं असतीलच, कुणाला कळणारही नाही. वन्संनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते लोणीवाले मेव्हणे मला समोर दिसले. मला कळलंय तेवढं बास, असं त्यांनी सांगितलं. साहेब ओशाळले. काहीतरी बोलायचं म्हणून माझ्याकडे वळून म्हणाले, की मग या वहिनींनाच का घेऊ नये, जीभ तर तयार दिसतेय.

मला बोलायला उसंतच मिळाली नाही.

"हिला तर अजिबात घेऊ नका," वन्सं म्हणाल्या. "जीभ चांगली आहे हिची. पण बुधवारपासून हिला माहीत होतं, आणि आत्ता तुमच्यासमोर ही मला पास करून मोकळी झाली होती."