हातचे आठ

सुकलाल मास्तर गेल्याचा निरोप सोनगीरहून आला, तेव्हा मी धुळ्याच्या खोलीवर त्याच्याच आकड्याला भागत बसलो होतो. चार दिवसांपूर्वी ताप अंगावर घेऊन तो गावी गेला आणि जाताना माझ्या वाटणीचं पान देऊन गेला. निरोप ऐकूनही मी हातातला भागाकार पुरा केला. का, ते आजही सांगता येत नाही...

आम्ही एकाच शाळेत. तो गणित शिकवायचा, मी चित्रकला. त्याचा आकडा म्हणजे ओळीनं अकरा वेळा एक. ही संख्या अविभाज्य आहे, एक आणि ती स्वतः सोडून कशानंच तिला निःशेष भाग जात नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पण नुसतं वाटून उपयोग नाही, लाखाच्या थोडं पुढपर्यंतच्या एकूण एक अविभाज्य संख्यांनी भागून बघायला हवं. त्यापुढे का जायला नको, हे त्यानं मला चारदा समजावलं. पाचव्यांदा मी समजल्यासारखं केलं. दर रविवारी त्याच्या घरी दहा भागाकार त्याचे, दहा माझे आणि मग वहिनींच्या हातची वरण-बट्टी. महायुद्धात कागद मिळेना, तेव्हा मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी वापरल्या. स्वतःचा प्रत्येक भागाकार तो उलटा गुणून पडताळायचा. माझा कधीच नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, तुमचं पान मी तपासायला लागलो, तर तुम्ही कशाला हवेत?" आणि समासात लाल शाईनं 'बरोबर' लिहून मोकळा झाला.

तेराव्यानंतर ठरवलं, उरलेले भागाकार आपण पुरे करायचे. त्याआधी माझी जुनी पानं पडताळायला घेतली. तिसऱ्या वर्षीच्या एका पानावर भाजक होता एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. शेष मी दहा लिहिला होता. शेवटच्या पायरीला नऊ नवे एक्क्याऐंशी, हातचे आठ. मी सात धरले होते. माझं लक्ष बहुतेक बट्टीच्या वासाकडे असणार. नीट मांडलं तर शेष शून्य. आकडा तेव्हाच फुटला होता, आणि त्यानंतर सहा वर्षं हा माणूस रविवारमागून रविवार त्यालाच भागत राहिला. मला माझी फार शरम वाटली.

सोनगीरला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं जयं, त्यास्ले समजनं नही. समजतं तर मंग रईवारले तुम्ही कसाले येतात?"

ते पान माझ्याकडे आहे. समासात त्याचं लाल 'बरोबर' आहे. त्याखाली मी 'चूक' लिहून सही केली. त्याचं 'बरोबर' मात्र खोडलेलं नाही.