तंतोतंत जुळलेले आकडे

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला मी धास्तीराव म्हणतो, आणि तो ते निमूट ऐकून घेतो, कारण भांडायचीही त्याला धास्ती वाटते.

गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी माणसं पुष्कळ असतात. हा परत येतो, बघतो, खाली जातो आणि मग घरी फोन करून विचारतो की मघाशी मी परत आलो तेव्हा तो बंदच होता ना. त्याच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. त्या म्हणतात, ह्यांनी लग्नाला होकार दिला तोसुद्धा नकार द्यायची हिंमत झाली नाही म्हणून. वहिनी हे त्याच्यासमोरच सांगतात, आणि तो हसतो, पण खोडून काढत नाही.

अशा माणसाच्या वाट्याला काम कुठलं यावं? लोकांच्या रक्तवाहिन्यांमधून रेघ ओढायचं.

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून, त्याची खोली आहे. भिंतीपलीकडे चादरी घुसळल्याचा आवाज आणि अलीकडे दोन टेबलं, दोन संगणक. वरून सीटी स्कॅनच्या चकत्या येतात, पाव कापावा तसं कापलेलं माणूस. त्या चकत्या एकावर एक रचून हा पडद्यावर रक्तवाहिनीचं मॉडेल बनवतो, पोकळ, फांद्या फुटलेलं. मग रक्त कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं ते टिंब देऊन सांगितलं की सॉफ्टवेअर आतून एक रेघ काढतं. भिंतींपासून जास्तीत जास्त लांब राहत, बरोब्बर मधून जाणारी. तिला ते लोक मध्यरेषा म्हणतात. त्या रेषेवरून वाहिनी कुठे किती रुंद, किती लांब, किती वळलेली ते मोजतात आणि डॉक्टर त्या मापाचं सामान मागवतात.

हे सॉफ्टवेअर फुकटचं आहे. कुठल्या कुठल्या देशांतल्या शहाण्या माणसांनी लिहिलं आणि ज्याला हवं त्याने घ्या, उघडून बघा, चुकत असेल तर सुधारा म्हणून मोकळं सोडलं. मी त्याला चिडवायचो, अरे फुकटच्या वस्तूवर लोकांचे जीव कसले टांगतोस. तो मात्र गंभीर चेहऱ्याने सांगायचा की आत काय चाललंय ते उघडून बघता येतं, म्हणून तर मला झोप लागते.

त्यांच्या खोलीत एक शिरस्ता होता. प्रत्येक रुग्णाची रेघ दोघांनी काढायची. एकदा ह्याने, एकदा शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी. दोघांनीही मूळ चकत्यांपासून सुरुवात करायची, एकमेकांचं न बघता. मग दोघांचे आकडे समोरासमोर ठेवायचे. थोडासा फरक यायचाच, कारण वाहिनीची भिंत नेमकी कुठे संपते ते प्रत्येकाचा डोळा वेगळं ठरवतो. थोडा फरक म्हणजे ठीक. मोठा फरक म्हणजे दोघांनी पुन्हा बसायचं.

एकदा ह्याने कुणाच्या तरी वाहिनीत चीर दिसतेय म्हणून ऑपरेशन थांबवलं होतं. चीर नव्हतीच, स्कॅनच्या वेळी रुग्णाने श्वास सोडला होता, चित्र हललं होतं. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर काही बोलले नाहीत. पण पुढे बरेच दिवस कँटीनमध्ये लोक ह्याला विचारत, काय, आज कुणाला थांबवताय? घरी येऊन हा मलाच सांगायचा. आणि मी काय केलं असेल ते सांगायला नको. मीही दुसऱ्या दिवशी जिन्यात तेच विचारलं.

आता माझ्या ताईची गोष्ट. ताई माझ्याहून बरीच मोठी. मेहुणे गेल्यापासून माझ्याकडे राहते, म्हणजे कागदोपत्री ती माझ्याकडे राहते, प्रत्यक्षात मी तिच्याकडे. पाठ दुखते म्हणून ह्याच्याच रुग्णालयात तपासायला गेली आणि पोटातल्या महाधमनीला फुगवटा निघाला. जुन्या सायकलच्या ट्यूबला येतो ना, तसा. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हा फुटला तर कुणाला काही करायला वेळ मिळत नाही. उपाय असा की जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक कापडी नळी आत न्यायची आणि फुगवट्याला आतून अस्तर लावायचं. नळीचं वरचं टोक निरोगी भिंतीवर बसलं पाहिजे, आणि खालचंही. खालचं टोक आखूड पडलं तर रक्त पुन्हा फुगवट्यातच शिरतं. सगळा खेळ लांबीचा.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ताई बॅग भरत होती आणि मी तिच्या शिव्या खात होतो. दार उघडंच होतं. धास्तीराव कामावरून आला, जिना चढला आणि आमच्या उंबऱ्याशी थांबला.

घाबरला की हा बोलत सुटतो. कुत्रं दिसलं तरी कुत्र्याच्या सात पिढ्यांबद्दल बोलतो. त्या दिवशी मुखस्तंभासारखा उभा. ताईने विचारलं, चहा टाकू का रे, तर नुसती मान हलवली, आणि ती हो की नाही ते तिलाही कळलं नाही. तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे.

मी म्हटलं, "का रे, लिफ्टमध्ये अडकला होतास की काय?"

"आकडे जुळले," तो म्हणाला.

"मग पेपरात छापू का?"

"तंतोतंत जुळले," तो म्हणाला आणि आपल्या घरात गेला.

मी कान लावून बसायची सवय असलेला माणूस, हे सगळ्या मजल्याला माहीत आहे. त्याचं दारही घाईत नीट लागलं नव्हतं. मी आमच्या दारातली चप्पल नीट लावायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. तो फोनवर होता, मॅडमशी.

"उद्याची केस. तुम्ही मॉडेल चकत्यांवरून केलंत ना? नव्याने?" पलीकडून काही तरी बराच वेळ चाललं. "मॅडम, मी रागावत नाहीये. फक्त हो की नाही सांगा." मग अगदी हळू म्हणाला, "माझंच मॉडेल घेतलंत."

मॅडम काय म्हणाल्या ते त्याने मला फार नंतर सांगितलं. सर, घरी जायची घाई होती, आणि तुम्ही एकेक गोष्ट दहादा तपासता, त्यात चूक काय राहणार? सगळ्यांना हसवणाऱ्या त्याच्या भित्रेपणावर ती बाई विसंबली होती. त्याच्याच मॉडेलमधून तिने पुन्हा रेघ काढली, आणि सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिक. तेच दिलं की तेच परत देतं. म्हणून जुळले तंतोतंत. म्हणजे तपासणी झालीच नव्हती.

मी सरळ उभा राहिलो. उद्या ऑपरेशन होतं ते ताईचं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तो आमच्या उंबऱ्याशी थांबला नसता. त्याने नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही. ताईला काय सांगणार? तिने विचारलं, चपला लावायला एवढा वेळ, मोजत होतास का? मी हो म्हटलं. चेष्टा करायला तोंडच उघडेना. वहिनींनी नंतर सांगितलं की तो येरझारा घालत होता. सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवरही होतं, पण स्कॅन रुग्णालयाबाहेर आणायची परवानगी नाही. हत्यार घरात आणि काम तिकडे. मोबाइलवर मोठ्या डॉक्टरांचा नंबर काढायचा आणि मोबाइल पुन्हा ठेवून द्यायचा. त्या चिरेच्या वेळसारखं ह्याही वेळी काहीच नव्हतं असं निघालं तर?

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तो आधीच आलेला होता. ताईला वॉर्डात उपाशीपोटी निजवलं, हातात सुई लावली, आणि मी पाणी पिऊन येतो म्हणून तळघरात उतरलो. त्याच्या खोलीच्या दाराला काचेची पट्टी आहे. आत तो पडद्याला नाक लावून बसला होता. मॉडेल फिरवत होता, एक एक चकती खाली उतरत होता. फुगवट्याच्या खाली पायाकडे जाणारी वाहिनी होती, म्हातारपणी वाहिन्या वळतात तशी वळलेली. खाली जाऊन, वर येऊन, पुन्हा खाली. बायकांच्या केसांतल्या आकड्यासारखी. आणि त्या वळणाचे दोन्ही पाय एकमेकांना खेटलेले.

त्याने पडद्यावर एके ठिकाणी बोट टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

खेटलेल्या भिंती त्याच्या मॉडेलमध्ये एक झाल्या होत्या. मध्ये भोक पडलं होतं, खऱ्या शरीरात नसलेलं. आणि कुंपणाला भगदाड दिसलं की शेळी जशी रस्त्याने जात नाही, तशी ती रेघ वळणाला न जाता भोकातून सरळ पलीकडे गेली होती. अख्खं वळण मापातून गळालं होतं. चूक मॅडमची नव्हती, सॉफ्टवेअरची नव्हती. ती ह्याची होती, दहादा तपासणाऱ्याची. दहाही वेळा त्याने बाहेरून पाहिलं होतं, आणि बाहेरून ते वळण एकसंध, देखणं दिसत होतं.

त्याने फोन उचलला. नंबर चुकला. दुसऱ्यांदा लावला. काचेतून मला शब्द ऐकू आले नाहीत, पण तो फोनवर बोलताना उभा राहिला होता, एवढं दिसलं.

फोन ठेवून ह्याने भोक बुजवलेलं वेगळं मॉडेल केलं, नवी रेघ काढली, तोवर मोठे डॉक्टर हिरव्या कपड्यांतच खाली आले. मला ओलांडून आत गेले, दार उघडंच राहिलं. आधी चिडलेले होते. खोली तयार आहे, भूल देणारे थांबलेत, आणि आता हे काय. धास्तीरावने त्यांना ते भोक दाखवलं. डॉक्टर खाली वाकले. मग खुर्ची ओढून बसले.

"मी मोजली होती," ते म्हणाले. "माझ्या मोजण्यात जास्त आली होती. तुमच्या दोघांचे आकडे सारखे बघून मी माझा सोडून दिला."

तेवढं ऐकून मी भिंतीला टेकलो. पलीकडे चादरी घुसळत होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, आता भोक बुजवून नवी रेघ काढलीत, किती आली?

"सांगणार नाही," धास्तीराव म्हणाला. मोठ्या डॉक्टरांना त्याने नाही म्हटलेलं जगाने पहिल्यांदाच ऐकलं असेल. "मी सांगितलं की तुम्हाला तेवढीच दिसेल. मॅडम आल्यात. त्यांना चकत्यांपासून काढू द्या. तुम्हीही पुन्हा मोजा. मग तिन्ही ठेवू."

मॅडम आल्या होत्या, डोळे सुजलेले. कोट न काढताच बसल्या. ह्याने अंगातला स्वेटर काढला आणि आपल्या पडद्यावर टाकला, मॅडमची नजर चुकून जाऊ नये म्हणून. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. वर ताई उपाशी, हातात सुई, आणि इथे तीन माणसं एकमेकांपासून लपवून तिच्या पोटातली एक रेघ काढताहेत. मला इतकी भीती माझ्या जन्मात वाटली नव्हती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

तिन्ही आकडे मांडले. एकही दुसऱ्याशी जुळला नाही. थोडा थोडा फरक, केसाएवढा. आणि तिन्ही पहिल्या आकड्यापेक्षा बोटाच्या दोन पेरांनी जास्त.

धास्तीराव खाली बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर.

त्या लांबीची नळी रुग्णालयात नव्हती. ती येईपर्यंत ऑपरेशन पुढे गेलं. ताईला एवढंच सांगितलं की माप बदललंय. उपाशी ठेवून परत जेवायला घालता, शिंप्याकडे तरी असं होत नाही, असं तिने नर्सला सुनावलं. ते मधले दिवस कसे काढले विचारू नका. फुगवटा वाट बघत नाही. ती खोकली की मी उठायचो, आणि समोरचं दार किलकिलं व्हायचं. आम्ही दोघं जिन्यात एकमेकांकडे बघायचो आणि आपापल्या घरात जायचो.

ऑपरेशनच्या दिवशी तो रजा घेऊन माझ्या शेजारी बाकावर बसला. कामावर बसवेना म्हणाला. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आधी माझ्याकडे बघायला हवं होतं, पण बघितलं ह्याच्याकडे.

"पुरली," ते म्हणाले.

मी रडलो, हे कबूल. तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

ताई घरी आल्यावर तो तिला भेटायला आला, उभाच राहिला, आणि सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती ताई, असं. मी त्याला खुणेने गप्प बस म्हणत होतो. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"पोटात वाकडंतिकडं आहे हे ह्याला लहानपणापासून माहीत आहे," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तुला यंत्र लागलं. बस खाली."

तो बसला, पण हसला नाही.

त्या खोलीचा शिरस्ता आता बदललाय. एकाचं मॉडेल दुसऱ्याला उघडताच येत नाही, कुलूप घातलंय. मला वाटलं, संपलं. पण त्याचं तिथे संपलं नव्हतं. पूर्वी किती जणांचे आकडे असे तंतोतंत जुळले होते आणि आपण खूश झालो होतो, असं त्याने मोठ्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी ते सगळे पुन्हा मोजायची परवानगी दिली. आता तो रोजचं काम झालं की जुन्या केस काढतो आणि चकत्यांपासून पुन्हा मोजतो. मॅडमही थांबतात.

काल जिन्यात भेटला. चेहरा ओढलेला. मी काहीच विचारलं नाही.

"आजच्याही ठीक निघाल्या," तो म्हणाला. पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "एक उद्यावर ठेवलीय. तिच्यात वळण आहे."